न झालेला गोल



फुटबॉलचा सामना संपला की आपण एकच प्रश्न विचारतो : गोल कोणी केला? गोल होऊ कोणी दिला नाही, असे विचारणारा विरळा. १९६६ साली इंग्लंड जगज्जेते झाले. अंतिम सामन्यात तीन गोल करणाऱ्या जेफ हर्स्टचे नाव आपल्याकडेही पोचले. पण त्या संघाचा कर्णधार बॉबी मूर हा बचावाचा खेळाडू होता, हे आपल्यापैकी थोड्यांच्याच ध्यानात असते.

असाच एक बचावपटू आपल्या शेजारच्या गोमंतकात झाला. महेश गवळी हे त्यांचे नाव. जन्म १९८० चा. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत ते घडले. पुढे कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल संघात असताना, जुलै २००३ मध्ये जाकार्ता येथे त्या संघाने थायलंडच्या बीईसी तेरो सासनाला ३–१ असे हरवून आसियान क्लब स्पर्धा जिंकली. परदेशी भूमीवरचा तो विजय मोठाच होता. त्यानंतर गोव्याच्या डेंपो संघात त्यांची बरीच वर्षे गेली.

मधल्या बचावपटूचे काम तरी काय? आघाडीवाला पायांनी हूल देतो. म्हणून याने नजर चेंडूवर ठेवायची. शेजारच्या गड्याबरोबर एका ओळीत पुढे-मागे सरकायचे, म्हणजे प्रतिस्पर्धी ऑफसाइडमध्ये सापडतो. एकाचे पाऊल चुकले की सारी ओळ फसते. इथे एकट्याच्या पराक्रमापेक्षा दुसऱ्याचे भान मोठे.

ऑगस्ट २००७ मध्ये दिल्लीत नेहरू चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने सीरियाला १–० असे हरविले. गवळी त्या संघात होते. एन. पी. प्रदीप यांचा तो एक गोल सर्वांना आठवतो. पण त्या आकड्यातले शून्य कोणी लिहिले? ते बचावाच्या फळीने आणि गोलरक्षकाने लिहिले! एकाच्या शेजारी ते शून्य नसते, तर चषक हाती आला नसता.

खेळणे थांबल्यावर गवळी प्रशिक्षक झाले. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांच्यावर बंदी आली, तेव्हा संघाची धुरा सहायक असलेल्या गवळींवर आली. ४ जुलैला बंगळुरात कुवेतशी १–१ अशी बरोबरी झाली आणि पेनल्टींवर भारत ५–४ असा जिंकला. दुसऱ्याची जागा सांभाळण्याची सवय तिथेही कामास आली.

मित्रहो, आपण मासवणकर सूर्या नदीच्या काठचे. वर धामणीला धरणाची भिंत उभी आहे. पाणी वापरताना त्या भिंतीची आठवण कोणाला होते? घरात, शाळेत, गावात अनर्थ टाळणारी अशी माणसे असतात. टळलेल्या अनर्थाची नोंद कुठेच होत नाही. म्हणूनच त्या माणसांची दखल आपण मुद्दाम घेतली पाहिजे. आपल्या मैदानावर मागे उभे राहावे लागले म्हणून हिरमुसलेला एखादा मुलगा दिसला, तर त्याला शून्याची ही किंमत अवश्य सांगा.