दुकानापुढील चार पावलें जागा



आजचा विषय वरवर पाहतां क्षुद्र वाटेल. दुकानापुढची जागा उभ्या वाहनांना द्यावी, कीं चालणाऱ्या माणसांना? पण पुण्याच्या जुन्या पेठांतील व्यापार टिकावा असें ज्यांना वाटतें, त्यांना हा प्रश्न टाळतां येणार नाहीं.

लक्ष्मी रस्त्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें कापडाचें दुकान आहे. गेल्या दिवाळींत पत्नीसह मी तिकडे निघालों. तिचे गुडघे संधिवातानें धरलेले. पदपथावर दुचाक्या, त्यांच्या पलीकडे मोटारी, आणि मोटारींच्या पलीकडे वाहता रस्ता. त्या रहदारींतून काठी टेकीत चालणें तिला जमेना. दुकान वीस पावलांवर दिसत असतां आम्ही रिक्षा करून परतलों. साडी घेतली ती घराजवळच्या दुसऱ्याच दुकानांत.

पुढें विद्यार्थ्यास हें सांगितलें, तेव्हां तो म्हणाला, “गुरुजी, आपलें म्हणणें खरें. पण गाडी लावावयास जागा नसली, तर गिऱ्हाईक उपनगरांतल्या मोठ्या दुकानांकडे वळेल. मग आम्हीं काय करावें?” त्याची भीति खोटी नव्हे. ज्याच्या दुकानावर दहा माणसांचीं पोटें चालतात, त्याला प्रयोग करून पाहा म्हणणें आपणांस सोपें आहे.

म्हणून दुसऱ्यांनीं केलेले प्रयोग पाहूं. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील स्ट्रॉयेट हा बाजाराचा रस्ता १९६२ सालच्या नोव्हेंबरांत वाहनांना बंद झाला. तेथील दुकानदारांनींही धंदा बुडेल अशीच ओरड केली होती. पण १९६४ सालीं ती व्यवस्था कायम झाली, आणि आज तो रस्ता त्या नगरींतील गजबजलेली पेठ आहे. इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं २००६ सालीं दुकानदारांस विचारलें, “आपलीं किती गिऱ्हाइकें मोटारीनें येतात?” त्यांचा अंदाज शेकडा ४१ होता, गिऱ्हाइकांनाच विचारतां आंकडा निघाला २२. दारांत थांबलेली मोटार डोळ्यांत भरते. पायीं आलेलें गिऱ्हाईक हिशेबांत येतच नाहीं.

पुण्यासही हा अनुभव अगदींच नवा नाहीं. ११ डिसेंबर २०२१ रोजीं महानगरपालिकेनें पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा कांहीं भाग वाहनांस बंद ठेवला होता. एका दिवसाच्या उत्सवावरून व्यापाराचा हिशेब मांडूं नये, हें मला मान्य आहे. पण तो रस्ता मोकळा होऊं शकतो, एवढें त्या दिवशीं सर्वांनीं पाहिलें.

आतां साधें गणित करूं. एका मोटारीस उभें राहण्यास पांच मीटर लांब व अडीच मीटर रुंद, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. ती मोटार दिवसभर हलली नाहीं, तर त्या जागेनें दुकानास किती गिऱ्हाइकें दिलीं? विद्यार्थ्याच्या दुकानापुढें सकाळीं जी मोटार मीं पाहिली, तीच संध्याकाळीं होती. “ही कोणाची रे?” म्हणून विचारलें. तो ओशाळून हसला. “माझीच, गुरुजी.”

याचा अर्थ सर्व वाहनें हद्दपार करावीं असा नाहीं. मालाचे टेंपो सकाळीं लवकर यावेत. वृद्ध व अपंग यांच्या रिक्षेस दाराशीं थांबूं द्यावें. लांबून येणाऱ्यांनीं मंडईजवळच्या बहुमजली वाहनतळांचा उपयोग करावा. मात्र तेथून दुकानापर्यंतचा पदपथ सलग, सपाट व मोकळा हवा. तो नसेल, तर वाहनतळ बांधूनही गिऱ्हाईक दाराशींच गाडी आणूं पाहील.

माझा विद्यार्थी आतां आपली मोटार मंडईच्या वाहनतळांत ठेवतो. त्या रिकाम्या जागेंत दुसऱ्याच दिवशीं शेजारच्या दुकानदाराची मोटार येऊन उभी राहिली, हेंही सांगितलें पाहिजे. तेव्हां एकट्याच्या सौजन्यानें हें काम होणार नाहीं. दुकानदारांनीं एकत्र येऊन मोकळ्या पदपथाची मागणी स्वतःच महानगरपालिकेकडे करावी. तसें झालें, तर येत्या दिवाळींत तीं वीस पावलें आम्ही दोघें पुन्हा चालून पाहूं.