विद्यापीठांचे मैदान आणि दूरचित्रवाणीचा बाजार



अमेरिकेच्या वायव्य भागात ऑरेगन राज्यातील कॉर्व्हॅलिस आणि वॉशिंग्टन राज्यातील पुलमन ही दोन लहान विद्यापीठगावे आहेत. पहिल्या गावी ऑरेगन स्टेट विद्यापीठ आहे, दुसऱ्या गावी वॉशिंग्टन स्टेट. १८६२ साली अध्यक्ष लिंकन यांच्या सहीने झालेल्या मॉरिल कायद्यान्वये सरकारी जमिनीच्या आधारावर शेतकऱ्यांच्या व कामगारांच्या मुलांसाठी जी सार्वजनिक विद्यापीठे उभी राहिली, त्या परंपरेतील ही दोन. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये या दोन्ही विद्यापीठांच्या असे ध्यानी आले की, ज्या बारा सभासदांच्या क्रीडामंडळात ती पिढ्यान्‌पिढ्या खेळत आली, त्यात आता ती दोघेच उरली आहेत. उरलेल्या दहांनी अधिक संपन्न मंडळांत जाण्याचे ठरवले होते. मागे राहिलेली ही दोन विद्यापीठे काही मैदानावरील पराभवामुळे मागे राहिली नव्हती. त्यांच्या गावांभोवती पुरेसा प्रेक्षक नव्हता, एवढाच त्यांचा दोष.

ही घटना समजून घ्यावयाची तर तेथील व्यवस्था थोडी स्पष्ट केली पाहिजे. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांत ‘कॉन्फरन्स’ म्हणजे परिषद नव्हे. परस्परांशी ठरलेल्या क्रमाने सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचे ते मंडळ असते. हे मंडळ वेळापत्रक आखते, अजिंक्यपद देते, सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क एकत्रितपणे विकते आणि आलेला पैसा सभासदांत वाटते. १८९६ साली मध्यपश्चिमेतील विद्यापीठांनी स्थापलेले ‘बिग टेन’ हे त्यांपैकी जुने मंडळ. त्याच्या मूळ नावातच अध्यापक-प्रतिनिधींचा उल्लेख होता. कारण खेळातील गैरप्रकारांवर अध्यापकांचे नियंत्रण असावे, या हेतूनेच ते स्थापन झाले होते. नवा सभासद घ्यावयाचा तर तो जवळचा आहे काय आणि त्याचा शैक्षणिक दर्जा आपल्या जोडीचा आहे काय, हे प्रश्न त्या काळी साहजिकच प्रथम विचारले जात. शेजार हा या मंडळांचा पाया होता.

या शेजाराला आर्थिक अर्थही होता. वॉल्टर नील या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली एका निबंधात खेळाच्या अर्थव्यवहाराचे एक वैशिष्ट्य दाखवून दिले. सामान्य उत्पादकाला प्रतिस्पर्धी नाहीसा झाला तर हवेच असते. परंतु जो लुई या मुष्टियोद्ध्याला मॅक्स श्मेलिंगसारखा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी समोर नसता, तर त्याच्या लढतीला प्रेक्षक कोठून मिळाला असता? सामना ही वस्तू कोणताही संघ एकट्याने निर्माण करू शकत नाही. ती दोघांची मिळून निर्मिती असते. याचा पुढचा निष्कर्ष असा की, बलाढ्य विद्यापीठाच्या लौकिकात त्याच्याकडून शंभर वर्षे हरत आलेल्या दुबळ्या विद्यापीठाचाही वाटा असतो. मंडळातील समान वाटपाला उदारपणा म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरेल. ती संयुक्त निर्मितीची रास्त वाटणी होती.

ही वाटणी मोडण्याचा आरंभ १९८४ साली झाला. तोपर्यंत फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याच्या अमेरिकन खेळाच्या, प्रक्षेपणाचे हक्क एनसीएए ही राष्ट्रीय संघटना मध्यवर्ती पद्धतीने विकत असे. १९८२ पासूनच्या तिच्या योजनेत कोणत्याही विद्यापीठाचा संघ दोन वर्षांत सहापेक्षा अधिक वेळा दूरचित्रवाणीवर दिसू शकत नसे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया येथील बलिष्ठ विद्यापीठांना हे बंधन जाचू लागले. सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ही व्यवस्था मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरवली. विरोधी मत नोंदवणाऱ्यांत न्यायमूर्ती बायरन व्हाइट होते. ते स्वतः महाविद्यालयीन फुटबॉलमधील नामवंत खेळाडू होते. मक्तेदारी मोडली ही गोष्ट वरवर स्वागतार्ह वाटते. परंतु एका मक्तेदारीच्या जागी स्पर्धा आली, आणि त्या स्पर्धेत टिकण्यासाठी मंडळे फुगू लागली. आज चार मोठ्या मंडळांच्या हाती सत्ता एकवटली आहे.

या विस्ताराचा क्रम उद्बोधक आहे. ओक्लाहोमाचे आणि टेक्सासचे संघ ज्या मंडळांत होते, ती मंडळेच प्रथम कोसळली. टेक्सासमधील विद्यापीठांचे ‘साउथवेस्ट कॉन्फरन्स’ हे जुने मंडळ १९९६ साली विसर्जित झाले. त्यातील चार विद्यापीठांनी ‘बिग एट’शी मिळून ‘बिग ट्वेल्व्ह’ स्थापन केले आणि ह्यूस्टन, राइस, सदर्न मेथडिस्ट व टेक्सास ख्रिश्चन यांना बाहेर ठेवले. २००७ मध्ये ‘बिग टेन’ने स्वतःची दूरचित्रवाणी वाहिनी काढली. वाहिनी ज्या राज्यात ‘घरची’ ठरे, तेथील केबलग्राहकाकडून दरमहा अधिक शुल्क मिळे, मग तो सामने पाहो वा न पाहो. २०१४ साली मेरीलँड आणि रटगर्स यांना मंडळात घेतले गेले, त्यामागे वॉशिंग्टन-बाल्टिमोर आणि न्यूयॉर्क परिसरातील केबल असलेली घरे होती. सभासद निवडला तो त्याच्या मैदानासाठी वा ग्रंथालयासाठी नव्हे, तर त्याच्या आसपासच्या लोकसंख्येसाठी.

पुढे केबलग्राहक घटू लागले, तेव्हा केवळ घरांची संख्या अपुरी पडू लागली आणि देशभर पाहिली जाणारी मोठी नावे हवीशी झाली. टेक्सास आणि ओक्लाहोमा ‘साउथईस्टर्न’ मंडळात गेली. लॉस एंजेलिसमधील यूसीएलए व सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांनी २०२२ च्या जूनमध्ये ‘बिग टेन’मध्ये जाण्याचे जाहीर केले, आणि त्याच वर्षी त्या मंडळाने सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून अधिक किमतीचे प्रक्षेपणकरार केले. २०२३ च्या ४ ऑगस्टला, एका दिवसात, ऑरेगन, वॉशिंग्टन, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि यूटा या पाच विद्यापीठांनी ‘पॅक-ट्वेल्व्ह’ सोडण्याचे ठरवले. पाठोपाठ पॅसिफिक किनाऱ्यावरील स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठे ‘अटलांटिक कोस्ट’ या नावाच्या मंडळात दाखल झाली. भूगोलाचा यापेक्षा अधिक अवमान कल्पिता येणार नाही.

प्रवेशाच्या अटीही पाहण्याजोग्या आहेत. स्टॅनफर्ड आणि बर्कली यांनी आरंभीची काही वर्षे पूर्ण वाट्याच्या सुमारे तीस टक्क्यांवर समाधान मानले. सदर्न मेथडिस्टने तर नऊ वर्षे दूरचित्रवाणीच्या उत्पन्नावर पाणी सोडले. समान सभासदत्वाचे तत्त्व अशा रीतीने नव्या सभासदाच्या दारातच संपले. जुन्या सभासदांतही ते टिकले नाही. फ्लॉरिडा स्टेट आणि क्लेमसन यांनी ‘अटलांटिक कोस्ट’ मंडळाविरुद्ध दावे लावले. २०२५ च्या मार्चमधील तडजोडीनुसार ज्यांचे सामने अधिक पाहिले जातात त्यांना अधिक वाटा देण्याचे ठरले आणि मंडळ सोडण्याचा दंडही पुढील वर्षांत कमी होत जाणार आहे. प्रमुख करार २०३० च्या सुमारास संपतात. तेव्हा कोण कोठे जाईल, यासाठी नोत्र दाम, नॉर्थ कॅरोलायना, क्लेमसन, फ्लॉरिडा स्टेट ही नावे आजच घेतली जातात. कोण जाणार याची चर्चा फार होते. निकष कोणता असावा याची जवळजवळ होत नाही.

या विस्ताराचे समर्थक दोन युक्तिवाद करतात, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला असा की, फुटबॉलच्या पैशावरच पोहणे, कुस्ती, धावणे हे खेळ आणि १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानंतर वाढलेले स्त्रियांचे खेळ चालतात. हे खरे आहे. परंतु त्याच खेळांतील विद्यार्थ्यांना आता न्यू जर्सीपासून लॉस एंजेलिसपर्यंत सुमारे चार हजार किलोमीटरचा प्रवास करून सामने खेळावे लागतात. फुटबॉलचा संघ आठवड्याला एक सामना खेळतो. व्हॉलीबॉल वा सॉफ्टबॉल खेळणारी मुलगी हंगामात कितीतरी अधिक खेळते आणि तेवढे वर्ग बुडवते. ज्यांच्या नावाने पैसा मिळवला जातो, त्यांच्याकडूनच त्याची किंमत वसूल होते.

दुसरा युक्तिवाद असा की, जुन्या शेजाराचे गोडवे गाऊ नयेत. हेही मान्य केले पाहिजे. दक्षिणेतील मोठ्या मंडळांत १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत फुटबॉलच्या संघांत कृष्णवर्णीय खेळाडूंना जागा नव्हती. शेजार हा बहिष्काराचाही असू शकतो. शिवाय विस्ताराने क्वचित तुटलेले जोडलेही आहे: टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचा १८९४ साली सुरू झालेला सामना २०११ नंतर बंद पडला होता, तो दोन्ही विद्यापीठे एकाच मंडळात आल्यामुळे २०२४ मध्ये पुन्हा खेळला गेला. पण त्याच फेरबदलात ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांचा दीर्घकाळचा वार्षिक सामना २०२३ नंतर थांबला. बाजार जोडतो आणि तोडतो. मात्र दोन्ही वेळी निर्णय स्थानिक लोकांचा नसतो.

खेळाडूंचा प्रश्न तर सर्वांत महत्त्वाचा. ज्यांच्या श्रमावर हा व्यवहार उभा आहे त्यांना ‘हौशी’ म्हणून दीर्घकाळ वेतन नाकारले गेले. २०२१ साली ॲल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएएची शिक्षणविषयक लाभांवरील बंधने रद्द ठरवली. २०२५ च्या जूनमध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने सुमारे २.८ अब्ज डॉलरची मागील भरपाई ठरली आणि विद्यापीठांना पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत खेळाडूंना थेट देण्याची मुभा मिळाली. हे न्याय्यच झाले. तरीही मंडळ बदलण्याच्या निर्णयात खेळाडूला मत नाही. तो आजही केवळ नेला जातो.

यावर उपाय नाहीतच असे नाही. कॅलिफोर्नियात सार्वजनिक विद्यापीठाच्या नियामक मंडळाने २०२४ मध्ये यूसीएलएने बर्कलीला दरसाल एक कोटी डॉलर द्यावेत असे ठरवले; एकाच सार्वजनिक संस्थेच्या एका शाखेने दुसरीचे केलेले नुकसान भरून द्यावे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. १९६१ च्या कायद्याने व्यावसायिक संघांना प्रक्षेपणहक्क एकत्र विकण्याची मोकळीक दिली आहे; ती महाविद्यालयांनाही मिळावी, अशी सूचना २०२५ साली काही सिनेटरांनी विधेयकाद्वारे मांडली. अशी मोकळीक द्यावयाची तर समान वाटप, फुटबॉलखेरीज इतर खेळांसाठी प्रादेशिक मंडळे आणि निर्णयात खेळाडूंचे प्रतिनिधी या अटी तिला जोडल्या पाहिजेत. केवळ एकत्र विक्रीने न्याय होत नाही. वाटणी कोणत्या नियमाने होते, हा खरा प्रश्न आहे.

अखेरीस कॉर्व्हॅलिस आणि पुलमनकडे परत यावे लागेल. या दोन विद्यापीठांनी न्यायालयात जाऊन मंडळाच्या कारभाराचा ताबा मिळवला आणि २०२६ च्या जुलैपासून मंडळ नव्याने उभे करण्यासाठी सभासद गोळा केले: बॉयसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझनो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, यूटा स्टेट, गोन्झागा आणि टेक्सास स्टेट. त्यांपैकी पहिली पाच ‘माउंटन वेस्ट’ या अधिक गरीब मंडळातून घेतली गेली. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी तोच अन्याय आपल्याहून दुर्बलांवर केला. त्यासाठी त्यांना दोष देणे सोपे आहे. पण बुडणाऱ्याला दुसरी फळी त्या व्यवस्थेने ठेवलीच नव्हती. नियम बाजाराचा असला की सज्जन संस्थाही त्याच नियमाने वागू लागतात. म्हणूनच यापुढे कोणते विद्यापीठ कोणत्या मंडळात जाईल, यापेक्षा सार्वजनिक पैशाने उभ्या राहिलेल्या विद्यापीठांचे हे निर्णय कोणी व कोणासाठी घ्यावेत, हा प्रश्न अमेरिकेतील जनतेने विचारला पाहिजे. तो विचारला गेला नाही, तर लिंकनच्या कायद्याने जी विद्यापीठे सामान्य माणसाच्या दारात नेली, त्यांची मैदाने दूरचित्रवाणी कंपन्यांच्या हिशेबवहीत जमा होतील, आणि त्या दारातील माणूस केवळ प्रेक्षक म्हणून मोजला जाईल.