शहर बदलले, पण आपला वाटा कुठे आहे?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने आम्हाला 'बदलते शहर आणि आपण' असा विषय दिला. आम्ही काही प्राध्यापक नाही, मोठे वक्तेही नाही. पण जळगावात काय आणि धुळ्यात काय, नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवण्यात आमच्यासारख्या कार्यकर्त्यांचं आयुष्य गेलं. नळासाठी गेलो, गटारीसाठी गेलो, घराच्या उताऱ्यासाठी गेलो. तिथे जे पाहिलं आणि जे शिकलो, तेवढंच आज सांगणार आहोत.

पहिला प्रश्न असा, की आपण शहरात आलो कशासाठी? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीपुढे घटनेचा मसुदा मांडला, तेव्हा खेड्याला राज्याचा पाया मानायला त्यांनी स्वच्छ नकार दिला. खेड्याने आपल्याला काय दिले होते? वेठ आणि गावकुसाबाहेरची जागा. म्हणून आपले वाडवडील शहराकडे निघाले. कोणी जळगावच्या खानदेश मिलमध्ये लागला, कोणी धुळ्याच्या प्रताप मिलमध्ये, कोणी भुसावळला रेल्वेत, तर कोणी नगरपालिकेच्या सफाई खात्यात. काम कष्टाचे होते, घाणीचेही होते. पण महिन्याला पगार होता, फंड होता, म्हातारपणी पेन्शन होती. त्या पगारावर पोरं शिकली. आज या सभामंडपात जे शिक्षक, कारकून, नर्स, इंजिनिअर बसले आहेत, त्यांनी आपल्या बापाची किंवा आजोबाची नोकरी आठवून पहावी.

मग १९९१ साल आले. देशाने नवे आर्थिक धोरण स्वीकारले. जागतिकीकरण, खाजगीकरण हे शब्द पेपरात येऊ लागले. आपल्याला वाटलं, हे दिल्ली-मुंबईचे काम आहे, आपल्या वस्तीचा त्याच्याशी काय संबंध? पण संबंध होता. गिरण्यांचे भोंगे थांबले. जळगावला स्टेशनजवळ जिथे खानदेश मिल उभी होती, तिथे आज 'खानदेश सेंट्रल' नावाचे व्यापारी संकुल आहे. ज्या फाटकातून आजोबा हजेरीला जात, तिथे नातू सामान पाहायला जातो. गेला तर जाऊ द्या, त्यात वाईट काही नाही. पण आजोबा तिथे कायम कामगार होता, आणि नातवाला तिथे काम मिळालंच तर ते ठेक्यावर. एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यांत आणि डाळमिलमध्ये जाणाऱ्या आपल्या किती पोरांच्या हातात नेमणुकीचा कागद आहे? ज्याने त्याने आपल्या घरात विचारून पहावे.

नगरपालिकेतही तेच झालं. कचरा उचलण्याचा ठेका, पाण्याच्या टँकरचा ठेका, माळ्याचा ठेका, वॉचमनचा ठेका. लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीचा हक्क मिळाला. पण हक्क कायम कामगाराच्या वारसाला असतो. ठेकेदाराच्या माणसाचा वारस कोण? त्याला आरक्षण नाही, बढती नाही, पेन्शन नाही. झाडू तोच आणि हातही तेच. त्या हातांच्या मागे उभा असलेला कायदा तेवढा काढून घेतला गेला.

बंधू-भगिनींनो, आता जळगावच्या घरकुलांविषयी बोलतो. हे तुम्हाला माहीत आहे, पण त्यातला धडा आपण नीट घेतला नाही असे आम्हाला वाटते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जळगाव नगरपालिकेने झोपडपट्टीतल्या लोकांसाठी हजारो पक्की घरे बांधायची योजना आखली. त्यासाठी हुडकोकडून कर्ज काढले. हुडको म्हणजे घरबांधणीला कर्ज देणारी केंद्र सरकारची कंपनी. हे नाव आपल्या तोंडी इतके बसले, की पिंप्राळ्याच्या वस्तीला लोक 'पिंप्राळा हुडको' म्हणू लागले. कर्ज देणाऱ्याचे नाव वस्तीला लागले आणि कर्ज फेडणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नाही! फेडणारा कोण? घरपट्टी आणि पाणीपट्टी भरणारा तुम्ही-आम्ही.

घरे किती झाली? दीड हजाराच्या आसपास. बाकीची कागदावर राहिली. पैसा मात्र गेला. फेब्रुवारी २००६ मध्ये त्या वेळच्या आयुक्तांनी पोलिसात फिर्याद दिली. सुमारे २९ कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराचा तो खटला पुढे धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी निकाल लागला आणि दोन माजी मंत्र्यांसह ४८ जणांना शिक्षा झाली. त्यात अनेक माजी नगरसेवक होते. पुढे शिक्षेविरुद्ध वरच्या कोर्टात दाद मागितली गेली. तो न्यायालयाचा विषय आहे, त्यावर आम्ही बोलणार नाही.

आम्हाला वेगळेच बोलायचे आहे. फिर्यादीपासून निकालापर्यंत तेरा वर्षे गेली. निकाल लागला तेव्हा पेपरात शिक्षा झालेल्यांचे फोटो आले. पण ज्या बाईला घर मिळायचं होतं आणि मिळालं नाही, तिचा फोटो कोणी छापला? ती पत्र्याखालीच राहिली. कोर्ट दोषीला शिक्षा देते. न बांधलेले घर कोर्टाच्या निकालाने उभे राहत नाही.

आणि आता एक कबुली देतो. त्या काळात असल्याच एका भूमिपूजनाला आम्हीही गेलो होतो. मांडव होता, हार-तुरे होते. आम्ही पुढे बसून टाळ्या वाजवल्या. जमीन कोणाच्या नावावर आहे, कर्ज किती, व्याज किती, घर कधी मिळणार, यादीत नावं कोणाची? यातला एकही प्रश्न आम्ही विचारला नाही. आपला माणूस व्यासपीठावर बसला याचाच आनंद मोठा झाला होता. चोरी करणाऱ्याचा दोष मोठा, हे खरेच. पण ज्याच्या घरची चोरी होते त्याने दाराला कडी लावली होती का, हेही विचारावे लागते.

मित्रहो, ही कडी आपल्याला घटनेने दिलेली आहे. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. नगरपालिकेत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा आणि महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचा वाटा निम्मा केला. झोपडपट्टी सुधारणा आणि शहरी गरिबी कमी करणे ही कामे घटनेच्या बाराव्या परिशिष्टात शहराच्या कामांत लिहिलेली आहेत. शिवाय तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरात वॉर्ड समित्या असल्याच पाहिजेत, असे घटना सांगते. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार आणि धुळ्याची सुमारे पावणेचार लाख होती. म्हणजे दोन्ही शहरांना हा नियम लागू आहे. आपल्या वॉर्ड समितीची बैठक कधी झाली, कुठे झाली, तिथे कोण बोललं, हे सांगू शकणारे इथे किती जण आहेत? हात वर करा. पाहा, हात फार थोडे आहेत.

२००३ मध्ये जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिकांच्या महानगरपालिका झाल्या. पाटी बदलली, साहेब मोठे झाले. पूर्वी शहराच्या हातात जकात होती. ती गेली, मग एलबीटी आला, तोही गेला आणि २०१७ पासून जीएसटी आला. आता शहर शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून बसते. २०१५ मध्ये अमृत योजना आली, रस्ते खोदले गेले, नव्या पाइपलाइन पडल्या. चांगली गोष्ट आहे. पण वाघूरचे पाणी असो की तापीचे, ते वस्तीच्या शेवटच्या नळाला किती वेळ येते, हे मोजणार कोण? २०२३ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. सुमारे दोन वर्षे आपल्या वॉर्डाला नगरसेवकच नव्हता. आणि खरं सांगा, आपल्यापैकी किती जणांना ते जाणवलं? जाणवलं नसेल, तर त्याआधीही आपण त्याला काही विचारत नव्हतो, असाच त्याचा अर्थ होतो.

एक प्रसंग सांगतो. एका वस्तीत सर्व्हे आला. झोपडपट्टीच्या कायद्यात १ जानेवारी २००० ही तारीख धरली जाते. त्याआधी तुम्ही तिथे राहत होता याचा पुरावा मागतात. आम्ही घरोघर फिरलो. एका मावशींनी पत्र्याची पेटी उघडली. आत पिशवीत गुंडाळलेल्या जुन्या पावत्या, रेशनकार्ड, मतदार यादीची चिठ्ठी. मावशींना अक्षर वाचता येत नव्हतं. पण नवरा मरताना सांगून गेला होता, "कागद जपीसन ठेव." त्यांचं नाव यादीत लागलं. शेजारचं कुटुंब त्यांच्याही आधीपासून राहणारं. पण एका पावसाळ्यात कागद भिजले, पुन्हा काढले नाहीत. त्यांचं नाव लागलं नाही. त्या घरातली सून आजही आम्हाला विचारते, "भाऊ, आमचं काय झालं?" आमच्यापाशी उत्तर नाही.

सुरुवातीला खानदेशातलीच एक आठवण सांगायची राहिली. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. दर वर्षी त्या दिवशी आपण तिथे जमतो, वंदन करतो. पण ते आले कशासाठी होते? कोर्टात एका खटल्याच्या कामासाठी. हातात कागद घेऊन, वकील म्हणून आले होते. वंदन करताना तो कागद विसरू नका.

म्हणून या वर्धापनदिनी समितीपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, दर महिन्याच्या एका रविवारी वंदना झाल्यावर विहारातच तासभर बसावे आणि प्रत्येक घराच्या कागदांची तपासणी करावी. शिकलेल्या पोरांनी झेरॉक्स काढून द्याव्यात. दुसरी, महापालिकेचे बजेट आणि दलित वस्ती सुधारणेचा निधी आपल्या वॉर्डात कुठे खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. दहा रुपयांचा अर्ज आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तर फीसुद्धा नाही. मिळालेले उत्तर विहाराच्या फळ्यावर लावावे. तिसरी, महिला मंडळाने नळाचा हिशेब ठेवावा. पाणी कोणत्या दिवशी आले, किती वेळ आले, एवढे वहीत लिहावे. सहा महिन्यांची ती वही घेऊन दहा बायका वॉर्ड ऑफिसला गेल्या, तर दहा भाषणांचे काम होईल.

शहर बदलतच राहणार. रस्ते चारपदरी होतील, आणखी मॉल येतील, आणखी कर्जे निघतील. ते आपण थांबवू शकत नाही, आणि थांबवायचेही नाही. कारण आपण शहरात आलो ते पुढे जाण्यासाठीच. पण पुढच्या वेळी भूमिपूजनाचा मांडव पडेल, तेव्हा आपल्यातल्या एकाने तरी उठून विचारावं, "साहेब, जमीन कोणाची आहे, आणि यादी कुठे आहे?" त्यानंतर टाळ्या वाजवायला आमची काही हरकत नाही.