घाटाखालचे पालटलेले ताट



१९१५ साली खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि घाटावरच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. पुढे कारखाने आले, लोकल आली, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. मुंबईने येथून वीज नेली, माणसे नेली. मोबदल्यात तिने काय दिले, याचा हिशेब मांडताना स्वयंपाकघरात डोकावण्याचे मात्र कोणाला सुचत नाही.

खाचरात भात, भात कापल्यावर उरल्या ओलीवर वाल आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी, ही खालापूर-कर्जतची जुनी शेती. भाकरी तांदळाची नाहीतर नाचणीची, सोबत बिरडे किंवा सुकट, पावसाळ्यात शेवळे, टाकळा, कुरडू. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर पांढऱ्या तांदळात जेमतेम १०. अर्थात जुने सारेच सोन्याचे नव्हते. भर पावसाळ्यात कातकरी-ठाकरांच्या घरी कणगी रिकामी होई, ही गोष्ट गावाकडच्या अन्नाचे गोडवे गाताना सोयीस्करपणे विसरली जाते.

आज खोपोलीचा नोकरदार पहाटेची लोकल गाठतो. मुंबईचे टोक शंभर किलोमीटरहून दूर, म्हणजे जाऊन-येऊन पाच तास गाडीतच. रात्री दहाला जेवण, तेही दूरदर्शन संचासमोर, आणि पाठोपाठ झोप. नोकरी करणाऱ्या गृहिणीने पहाटे चारला उठून भाकऱ्या थापाव्यात, असा उपदेश करणाऱ्यांनी आधी स्वतः परातीपुढे बसावे. कर्जत स्थानकावर घाटाचे इंजिन जोडेपर्यंत गाडी थांबे आणि प्रवासी बटाटेवडा घेत. तो वड्याचा दोष नव्हे. क्वचित घडणाऱ्या प्रवासातला तो खाऊ रोजच्या प्रवासाबरोबर रोजचा झाला. पुऱ्या, तळण, पक्वान्न यांना सणांनी घातलेले कुंपण असे मोडले आणि सणाच्या जेवणातली गोडीही गेली.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शहरी प्रौढांपैकी १६.४ टक्के मधुमेही आढळले, ग्रामीण भागात ८.९ टक्के. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे प्रमाण शहरात १५.४, तर खेड्यात १५.२! म्हणजे इमारती पोचण्यापूर्वीच शहर पोचले. खोपोली तर धड शहर नाही आणि धड खेडेही नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि त्यांच्या बालकांचा अभ्यास केला. ही बालके वजनाने इंग्रज बालकांहून हलकी, तरी त्यांच्या अंगातील चरबी मात्र टिकून राहिलेली. आईच्या पोटी असताना जे शरीर टंचाईला सरावले, त्याच्यावर पुढे सुबत्ता आणि बैठे काम आले की ते मधुमेहाला लवकर बळी पडते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. घाटाखालच्या वाडीतून कारखान्याच्या चाळीत आलेल्या कुटुंबाचा इतिहास याहून निराळा नाही. आजीने उपास काढले, नातवाच्या रक्तात साखर निघाली. अंगाने सडपातळ म्हणून तो तपासणीलाही जात नाही.

शिबिरात पंगत बसते, भोजनमंत्र होतो, पानात काही टाकले जात नाही. पण तीच मंडळी साप्ताहिक बैठकीला जमली की मैद्याची बिस्किटे आणि दोनदा साखर घातलेला चहा येतो. डोंगरावरची नाचणी मात्र आकर्षक वेष्टनात, चौपट दराने, शहरातील मॉलमध्ये विकली जाते. खोपोलीच्या पुढच्या बैठकीला आंबील ठेवायची असेल, तर नाचणी आणायला मॉलपर्यंत जायची गरज नाही; ती पिकवणारी घरे वाडीवर अजून आहेत.