हॅम रेडिओ : हाताने जोडलेला संच

आपल्या हैदराबादच्या अशहर फरहान यांनी रचलेल्या ‘बिटएक्स’ संचाची गंमत सांगतो. ऐकताना आणि बोलताना संकेत त्याच क्रिस्टल फिल्टरमधून जातो, फक्त दिशा उलटते. त्यामुळे सुटे भाग कमी लागतात. मूळ रचनेत कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशरसुद्धा चालले!

मुलांनो, सगळा संच एकदम जोडू नका. एक टप्पा सोल्डर झाला की मीटरने तपासा, मगच पुढचा. आधी ऐकायला शिका. परवाना मिळाल्याशिवाय प्रक्षेपण नको आणि पहिली चाचणी अँटेनावर नव्हे, डमी लोडवर.

२००१च्या भूकंपात भुजचे दूरध्वनी बंद पडले, तेव्हा हॅम मंडळींनी निरोप पोचवले. अशा वेळी दुकान उघडे नसते. ज्याने संच स्वतः जोडला, त्यालाच तो जागेवर दुरुस्त करता येतो.