वळणावर रस्ता उखडतो



आज मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे: चेनचं मशीन डांबरी रस्त्यावरून कसं न्यावं.

बारा-पंधरा वर्षांपूर्वीचा उन्हाळा. माझं पोकलेन एका तलावातला गाळ काढायला निघालं होतं. (पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव, आपण ते इतकं आपलंसं केलं की आता कुठल्याही कंपनीचं मशीन आलं तरी गावात पोकलेनच आलं म्हणतात.) ट्रेलर अरुंद फरशीपुलापाशी अडला. मशीन तिथेच उतरवून दीड किलोमीटर चालवत न्यायचं ठरलं. दुपारचे दोन वाजले होते. सरळ रस्त्यावर नुसते पांढरे ओरखडे उठले. तलावाकडे वळायच्या जागी मात्र ऑपरेटरने एक चेन पुढे, दुसरी मागे घेऊन मशीन जागच्या जागी फिरवलं आणि डांबराचं कातडंच सोलून निघालं. रस्ता होऊन वर्षही झालं नव्हतं. गावातले एक आजोबा तिथे आले. एक शब्द बोलले नाहीत. सुटलेली खडी पायाने ओढून त्या खळग्यात लोटत राहिले. ऑपरेटरचं काही चुकलं नव्हतं; वळायचं कसं, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

लोक म्हणतात, मशीनच्या वजनाने रस्ता मोडतो. वीस टनांचं मशीन घ्या. प्रत्येक चेन सुमारे ६० सेंटिमीटर रुंद, जमिनीला टेकलेली लांबी सव्वातीन मीटरच्या आसपास. भागाकार केला तर दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोच भार येतो. भरलेल्या ट्रकच्या टायरमधली हवाच याच्या कितीतरी पट दाबाने रस्त्यावर रेटत असते. पण हा हिशोब मऊ मातीचा. चेनच्या शूवर तीन आडव्या धारा असतात, मातीत रुतून पकड घेण्यासाठी. कडक रस्त्यावर शूची बाकीची पोलादी पाटी अधांतरी राहते आणि सगळा भार त्या धारांवर येतो. वळताना तर चेनची दोन्ही टोकं आडवी घासत जातात. नांगराचा फाळ जे करतो, तेच तिथे घडतं.

आता आपल्या खेड्यातला रस्ता आठवा. खडीच्या थरांवर डांबरी कार्पेट असतं २० मिलिमीटरचं, वर सीलकोट. नव्या शूची धार साधारण २५ मिलिमीटर उंच. म्हणजे त्या कार्पेटच्या जाडीपेक्षा आपली धार उंच! त्यात मे महिन्याच्या उन्हात डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्या घरात जातो, डांबर मऊ पडतं, खडीला धरून ठेवायची त्याची ताकद ओसरते. उखडलेल्या जागेतून पहिल्या पावसाचं पाणी खाली खडीत शिरतं आणि आषाढात तिथे खड्डा तयार असतो. काँक्रीटच्या रस्त्याचं दुखणं निराळं: त्याच्या सांध्यांच्या कडा तुटतात.

उपाय आपल्याला ठाऊक आहेत. लो-बेड ट्रेलर जिथवर जातो तिथवर मशीन ट्रेलरवरूनच न्यावं. शहरात काम असेल तर शूंवर रबरी पॅड बसवावेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधली बांधकाम यंत्राची व्याख्यासुद्धा रबरी टायर, रबरी पॅड आणि पोलादी ड्रम यांचीच नावं घेते. उघड्या पोलादी चेनचं नाव त्यात नाही. खाणीतल्या धारदार दगडावर पॅड टिकत नाहीत हे खरं, म्हणून ते काढता-घालता येतील असेच असावेत. आणि पॅड आहेत म्हणून भर उन्हात जागच्या जागी गरगर फिरवू नका. रबरही तापलेलं डांबर ओढतंच. थोडं पुढे, थोडं वळण, पुन्हा थोडं पुढे, असं घेतलं तर घासणं वाटलं जातं. शक्यतो वळण साइडपट्टीच्या मुरमावर घ्यावं. रस्ता आडवा ओलांडायचा असेल तर ताडपत्रीवर मुरमाचा जाड थर द्यावा आणि काम संपताच तो झाडून काढावा, नाहीतर रात्री त्यावरून दुचाकीवाला घसरतो.

लोखंडी प्लेट टाकणाऱ्यांना हात जोडून सांगतो, टाकू नका. पोलादावर पोलाद घसरतं. उतारावर आणि पावसात तर ऑपरेटरच्या हातात काहीच उरत नाही.

राहिले चेनखाली अंथरायचे जुने टायर. आपल्याकडचा सगळ्यात स्वस्त आणि खरोखर कामाचा उपाय. पण ते टायर उचलतो कोण? सतरा-अठरा वर्षांचा हेल्पर. मागचा टायर उपसून, धावत जाऊन, चालत्या चेनपुढे टाकतो. ऑपरेटरला केबिनमधून उजव्या चेनपुढचा तो पोरगा दिसत नाही. मला हे बघवत नाही. मशीन पूर्ण थांबावं, टायर अंथरावेत, पोरगा बाजूला होऊन ऑपरेटरच्या नजरेसमोर उभा राहावा, मगच चेन हलावी. यात अर्धा तास जास्त जाईल. जाऊ द्या. आणि सज्ञान नसलेल्या पोराला मशीनजवळ उभंच करू नका.

त्या अर्ध्या तासाचे पैसे कोण देणार, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल. रास्त प्रश्न आहे. आज दर ठरतो तो मशीनच्या तासावर, आणि मशीन नेण्या-आणण्याचा, म्हणजे शिफ्टिंगचा खर्च मालकाच्या माथी. म्हणून मालक ट्रेलर वाचवतो, ऑपरेटर वेळ वाचवतो आणि नुकसान गावाच्या वाट्याला येतं. अभियंते मित्रांनो, निविदेत शिफ्टिंगची स्वतंत्र बाब धरा: ट्रेलर, पॅड, टायर, दोन माणसं. मशीन येण्याआधी आणि गेल्यावर रस्त्याचे फोटो मालक आणि अभियंता, दोघांच्या सह्यांनी ठेवा. मालकांनो, हे पैसे मिळाले की ते तिथेच खर्च करा.

उद्याच्या सत्रात भाषणं नाहीत. सभागृहामागे जुन्या डांबरी रस्त्याचा एक तुकडा वापरायची परवानगी मिळाली आहे. माझं मशीन रात्री येईल, पॅडचा एक जोड आणि चाळीस जुने टायर आणले आहेत. आधी त्याच तुकड्यावर जागच्या जागी आणि थोडं थोडं पुढे घेत, अशा दोन्ही तऱ्हांनी वळून दाखवू, मग मागच्या रांगेतले ऑपरेटर बोलतील आणि आपण ऐकू. सकाळी सात वाजता या, ऊन चढायच्या आत.