पाणपोईचा रांजण

डिंभे धरणाचं पाणी कालव्यानं शेतात पोचतं ते पाळीच्या नियमानं. इंटरनेटवरची माहितीही ठरलेल्या नियमांनीच वाहते. त्या नियमांना ‘प्रोटोकॉल’ म्हणतात.

मी बी.ए. झालेला कवी, पण हे नियम पाळून माहिती आणून देणाऱ्या ‘कर्ल’ या अवजारानं मला मोहात पाडलं. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांना चलनांचे दर आपोआप हवे होते. ब्राझीलच्या एकानं लिहिलेली छोटी आज्ञावली त्यांनी वाढवली आणि १९९८ मध्ये ‘कर्ल’ या नावानं सर्वांना खुली केली. आज ती मोबाइलमध्ये आहे, मोटारींतही आहे. सबील म्हणा की पाणपोई, इथं कुणी नाव-गाव विचारत नाही.

रांजण भरणारे हात मात्र मोजकेच. ‘ओपनएसएसएल’ ही अशीच खुली आज्ञावली लाखो संकेतस्थळांवरची देवाणघेवाण गुप्त राखते. २०१४ मध्ये तिच्यात ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष सापडला. तेव्हा तिच्यासाठी पूर्णवेळ राबणारा माणूस एकच होता आणि देणग्या वर्षाला जेमतेम २,००० डॉलर! त्यानंतर बड्या कंपन्यांनी हात सैल केला.

आपण मोबाइलवर सातबारा पाहतो, पैसे पाठवतो, तेव्हा अशीच अवजारं पडद्याआड राबतात. तहान भागली की निघून जावं, हे खरंच. पण ज्याच्या दारात विहीर आहे, त्यानं एक घागर रांजणात ओतावी.